भांडणानंतरचं गाणं

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात एक पत्र होतं, वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेलं. आठवीतल्या एका मुलीचं. 'नाव छापू नका' असं तिनं दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. पहिलीपासूनची तिची जिवलग मैत्रीण गेला दीड महिना तिच्याशी बोलत नाही. कारण विचारलं तर 'काही नाही' म्हणते. मधल्या सुटीत दुसऱ्याच मुलींच्या घोळक्यात बसून डबा खाते. पत्राच्या शेवटी हिनं लिहिलंय, 'बाई, आई म्हणते, सोडून दे, दुसरी मैत्रीण कर. पण मला दुसरी नकोय. मी काय करू?'

खरं सांगू? हे पत्र मी चार दिवस पर्समध्ये घेऊन हिंडत होते. गणित अडलं तर रीत सांगता येते. शुद्धलेखन चुकलं तर नियम सांगता येतो. रुसलेली मैत्रीण परत कशी आणायची, हे मात्र डी.एड.ला कुणी शिकवलं नाही. उलट तिथेच माझीही एक मैत्रीण माझ्यावर रुसली होती. म्हणून आज उपदेश राहू दे. आज तुम्हांला काही गाण्यांबद्दल सांगते, आणि माझ्या एका चुकीबद्दल.

२०१० सालची गोष्ट. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. होस्टेलच्या खोलीत आम्ही दोघी. तिच्याकडे एक छोटा मोबाइल होता आणि त्यात तिच्या भावानं गाणी भरून दिलेलं मेमरी कार्ड. रात्री दिवा मालवला, की इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं माझ्या. मराठी गाणी, हिंदी गाणी आणि मधेच कुठून तरी आलेली चार-पाच इंग्रजी गाणी. त्यांतलं एक आम्हां दोघींना फार आवडायचं. कुणी तरी बाई अगदी संथपणे गायची आणि गाता गाता मधेच गाणं थांबवून नुसतं बोलायची. ती काय बोलते, हे आमच्या इंग्रजीला झेपायचं नाही. आम्ही आपलं त्याला 'बोलणाऱ्या बाईचं गाणं' म्हणायचो.

मग पाठांचे दिवस आले. शिक्षक व्हायचं तर खऱ्याखुऱ्या वर्गात पाठ घेऊन दाखवावे लागतात, बरं का! आणि मागच्या बाकावर तपासणारे बसलेले असतात. आम्ही दोघींनी मिळून ऋतूंचा फिरता तक्ता केला. पुठ्ठ्याची चकती फिरवली, की खिडकीतून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा एकेक करून दिसायचा. तिचा पाठ माझ्या आधी होता. तक्त्याचं खूप कौतुक झालं. 'कुणी केला?' असं विचारल्यावर ती 'मी' म्हणाली. 'आम्ही' नाही म्हणाली.

त्या रात्री मेसमध्ये, सगळ्या मुलींसमोर मी तिला म्हणाले, 'तुला स्वतःचं असं कधी काही सुचतच नाही.'

ती काही बोलली नाही. ताट तसंच ठेवून उठून गेली. 'मी' म्हणाली ही तिची चूकच होती. पण माझं वाक्य त्याहून वाईट होतं. आपल्याला काही जमणार नाही, ही भीती तिनं एका रात्री मला विश्वासानं सांगितली होती आणि मी नेमकं तिथेच बोट ठेवलं. पुढचे सात महिने आम्ही एकाच खोलीत राहिलो, पण एक शब्द बोललो नाही. इअरफोनची दोन्ही टोकं आता तिच्याच कानांत असायची. परीक्षा संपली, ट्रंका बांधल्या, आणि आम्ही आपापल्या गावी निघून गेलो.

२०१४ साली मी नोकरीला लागले होते. तेव्हा ते गाणं अचानक पुन्हा कानावर आलं. या वेळी मी शब्दकोश घेऊन बसले. शोधता शोधता कळलं, की बोलणारी बाई म्हणजे अमेरिकेतली प्रसिद्ध गायिका डॉली पार्टन. गाण्याचं नाव 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. आणि हे गाणं ज्या प्रकारात मोडतं, त्याला म्हणतात कंट्री म्युझिक.

कंट्री म्हणजे देश, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण इथे 'कंट्री'चा अर्थ गावाकडचं, खेड्यापाड्यातलं. अमेरिकेच्या आग्नेय भागात ॲपलाचिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे आणि आसपासच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हे संगीत रुजलं. ब्रिटन आणि आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी आपली जुनी लांबलचक कथागीतं आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, बरोबर आणलं. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या लोकांकडून आलं. त्यात गिटार मिसळलं, चर्चमधली भजनं मिसळली. १९२५ साली नॅशव्हिल शहरातून या गाण्यांचा एक रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. त्याचं नाव पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' पडलं, आणि गंमत म्हणजे तो आजही चालू आहे! १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा एक माणूस ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन ब्रिस्टल या गावी आला. आसपासचे डोंगरातले लोक गायला आले. त्यांत कार्टर कुटुंब होतं : ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि मेबेल. मेबेल ही साराची नात्यातली बहीण आणि ए. पी.ची भावजयही. कंट्री संगीताचा इतिहास सांगताना या घराचं नाव पहिल्या काहींत येतं. आणि ऐका, पुढे १९३० च्या दशकात ए. पी. आणि सारा एकमेकांपासून वेगळे झाले. संसार मोडला, तरी आणखी काही वर्षं ते एकत्र गात होते.

हार्लन हॉवर्ड नावाच्या एका नामवंत गीतकाराचं म्हणणं असं, की कंट्री गाण्याला फक्त तीन कॉर्ड आणि खरं बोलणं एवढंच लागतं. एकमेकांशी जुळणारे तीन-चार स्वर एकदम छेडले, की होतो कॉर्ड. गिटार शिकणारी मुलं पहिल्या काही दिवसांतच असे तीन कॉर्ड शिकतात. म्हणजे वाजवायला ही गाणी फार अवघड नाहीत. अवघड आहे ते दुसरं. खरं बोलणं.

आता डॉलीची गोष्ट. तिचा जन्म १९४६ सालचा, टेनेसी राज्यातल्या डोंगरातला. बारा भावंडांत ती चौथी. घरात कमालीची गरिबी. वडील कष्टाळू होते, पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळा संपल्या संपल्या ती नॅशव्हिलला गेली. १९६७ साली, एकविसाव्या वर्षी तिला पोर्टर वॅगनर या गायकाच्या टेलिव्हिजन कार्यक्रमात काम मिळालं. पोर्टर तेव्हा मोठा माणूस. चमचमते, भरतकाम केलेले कोट घालून गायचा. त्याच्याबरोबर आधी गाणारी गायिका सोडून गेली होती आणि प्रेक्षकांना तीच हवी होती. डॉली रंगमंचावर आली, की लोक त्या आधीच्या गायिकेच्या नावानं ओरडायचे. अशा वेळी पोर्टर तिच्या पाठीशी उभा राहिला. तिच्याबरोबर गायला, लोकांना तिची सवय लावली.

पुढे डॉलीची स्वतःची गाणी गाजायला लागली. तिला स्वतःच्या वाटेनं जायचं होतं. पोर्टरला ते मान्य नव्हतं. दोघंही हट्टी. रोज वाद. डॉलीनं पुढे अनेकदा सांगितलंय, की कितीही बोललं तरी तो ऐकतच नव्हता. मग १९७३ मध्ये एके दिवशी ती घरी गेली आणि तिनं गाणं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात जाऊन त्याला बसवलं आणि समोर उभं राहून ते गायलं. पोर्टर रडला. 'तू लिहिलेलं हे सगळ्यांत चांगलं गाणं आहे. याचं ध्वनिमुद्रण मला करू दे, मग तू खुशाल जा,' अशा अर्थाचं तो बोलला.

म्हणजे बघा, जग ज्याला प्रियकर-प्रेयसीचं गाणं समजतं, ते मुळात एका सहकाऱ्याचा निरोप घेण्यासाठी लिहिलं होतं! त्यात ती काय म्हणते? मी जाते आहे, कारण राहिले तर तुझ्या वाटेत येईन. कडू-गोड आठवणी तेवढ्या बरोबर नेते. तुझं भलं होवो. एवढंच. तू असा वागलास, तू तसा वागलास, ही यादी नाही. आणि तरीही 'बरं, राहते' असंही नाही. प्रेम आहे म्हणून सांगितलं आणि जायचं आहे तेही सांगितलं. दोन्ही खरं होतं. १९७४ साली हे गाणं कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते आपल्या पद्धतीनं गायलं आणि ते अमेरिकेच्या मुख्य यादीत १४ आठवडे पहिलं राहिलं.

एका गाण्यानं भांडण मिटलं आणि सगळे सुखानं राहू लागले, असं तुम्हांला वाटलं ना? तसं नाही झालं. १९७९ साली पोर्टरनं डॉलीवर पैशांसाठी कोर्टात दावा लावला. शेवटी तडजोड झाली. बराच काळ दोघांत दुरावा होता. हळूहळू पुन्हा बोलणं सुरू झालं. पोर्टर 'ग्रँड ओल ऑप्री'त येऊन ५० वर्षं झाली, म्हणून मे २००७ मध्ये त्याचा सत्कार झाला. त्या वेळी डॉली आली आणि तिनं तेच गाणं पुन्हा त्याच्यासमोर गायलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पोर्टर वारला. गाणं लिहिल्यापासून या सत्कारापर्यंत ३४ वर्षं गेली होती.

हे सगळं वाचल्यावर मला माझ्या मैत्रिणीची आठवण आली नसती तरच नवल. मी सात महिने मनातल्या मनात तिच्या चुकांची यादी करत होते. माझ्या वाक्याबद्दल एकदाही खरं बोलले नव्हते. स्वतःशीसुद्धा.

त्यानंतर मी आणखी काही कंट्री गाणी ऐकली. हँक विल्यम्स नावाचा एक गायक होता. जेमतेम २९ वर्षं जगला. १९४९ सालचं त्याचं एक गाणं आहे, 'आय एम सो लोनसम आय कुड क्राय'. मला एकटं वाटतंय, रडू येतंय, बस्स, एवढाच विषय. तो काय करतो, तर रात्री ओरडणारा एक पक्षी, लांबून ऐकू येणारी आगगाडीची शिटी, असं आजूबाजूला दिसणारं-ऐकू येणारं सांगत जातो. उपाय सांगत नाही. 'रडू नकोस' असंही म्हणत नाही. आणि ऐकणाऱ्याला वाटतं, अरे, हे मलाही होतं! एवढं कळलं, तरी एकटेपणा थोडा कमी होतो. आपल्याकडे पणजी-आजी भल्या पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणायच्या. माहेरची आठवण, सासरचा जाच, जे कुणाला सांगता यायचं नाही, ते जात्याला सांगायच्या. दुःख गाऊन मोकळं व्हायचं, हे आपल्याला काही नवीन नाही.

आता तुमच्यातल्या काही जणांसाठी जरा वेगळं. सगळीच भांडणं मैत्रिणीशी नसतात. काही भांडणं घरात होतात, मोठ्या माणसांची. माझ्या वर्गातली एक चिमुरडी मला एकदा म्हणाली, 'बाई, आमच्या घरी इंग्रजी सुरू झालं की मी गॅलरीत जाते.' मला आधी कळलंच नाही. मग उलगडा झाला. आई-बाबा भांडायला लागले, की तिला समजू नये म्हणून इंग्रजीत बोलायचे. शब्द समजत नव्हते. बाकी सगळं समजत होतं.

नेमक्या याच गोष्टीवर कंट्री संगीतात एक गाणं आहे. टॅमी वायनेट या गायिकेनं ते १९६८ साली गायलं. त्यातली आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला कळू नये म्हणून दुखणारा प्रत्येक शब्द अक्षरं सुटी करून बोलते. गाण्याचं नावही तसंच, 'डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई'. म्हणजे घटस्फोट. मी पहिलीला अक्षरं शिकवणारी बाई. अक्षरं सुटी करून दुःख लपवणारी आई ऐकली, तेव्हा मला गलबलून आलं. टॅमीनं पुढच्याच वर्षी जॉर्ज जोन्स या प्रसिद्ध गायकाशी लग्न केलं. १९७५ साली त्यांचा घटस्फोट झाला. आणि १९७६ मध्ये दोघांनी एकत्र गायलेलं 'गोल्डन रिंग' यादीत पहिलं आलं. एका अंगठीची गोष्ट आहे ती. गहाणवटीच्या दुकानातून ती एक जोडपं विकत घेतं, लग्न करतं, त्यांचं बिनसतं आणि अंगठी पुन्हा त्याच दुकानात येते. स्वतःचा संसार मोडल्यावर वर्षभरात दोघांनी शेजारी उभं राहून हे गायचं म्हणजे सोपं नव्हतं.

घरात अशी भांडणं ज्यांना ऐकू येतात, त्यांना मला दोनच गोष्टी सांगायच्यात. एक, ती भांडणं तुमच्यामुळे नाहीत आणि ती मिटवणं हे तुमचं काम नाही. दुसरी, 'आम्हांला ऐकू येतं आणि भीती वाटते' एवढं आईला किंवा बाबांना सांगायचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. आणि घरात मारहाण होत असेल, तर ते पोटात ठेवायचं नाही. आत्याला, मामाला, तुमच्या बाईंना, ज्यांच्यावर विश्वास असेल त्यांना सांगायचं. १०९८ हा नंबरही मुलांसाठीच आहे, फुकट लागतो.

एक सावधगिरीची सूचना. कंट्रीची सगळीच गाणी शहाणी नसतात हं! कुणी दारूत दुःख बुडवतं, कुणी सूड घेत सुटतं. ऐकायला मजा येते, पण ते तिथेच सोडून द्यायचं. आणि एकच रडकं गाणं रात्रभर ऐकत बसलं, तर मन हलकं व्हायच्या ऐवजी आणखी खोल जातं. ऐकावं, रडू आलं तर रडावं, मग उठून तोंड धुवावं आणि कुणाशी तरी बोलावं.

आता आपल्या आठवीतल्या मैत्रिणीकडे येते. बाळ, तुझी मैत्रीण परत येईल का, हे मी सांगू शकत नाही. पण तीन कॉर्डांसारख्या तीन ओळी तू लिहू शकतेस. पहिली ओळ, काय झालं. दुसरी, त्यात माझं काय चुकलं असेल. माहीत नसेल, तर 'मला कळत नाही, सांगशील का?' असं लिही. तिसरी, मला तुझ्याबद्दल काय वाटतं. बस्स, तीनच. 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द वापरायचे नाहीत, कारण भांडणात ते बहुतेक वेळा खोटे असतात. लिहिलं, की एक रात्र तशीच ठेव. सकाळी वाचून बघ. अजूनही खरं वाटलं, तर दे. तिनं उत्तर दिलं नाही, तर मागे लागू नकोस. तुला वाईट वाटेल, खूप वाटेल. पण आपण खरं बोललो, एवढं तुझ्याजवळ राहील. आणि हो, आई म्हणते तेही अगदी टाकून देऊ नकोस. डब्याच्या सुटीत एकटी बसू नकोस.

मीही २०१४ साली तीन ओळी लिहिल्या होत्या. जुन्या वहीतून तिच्या गावचा पत्ता शोधला आणि पाकीट टाकलं. तीन आठवडे काहीच नाही. मग एके दिवशी उत्तर आलं. तिनंही थोडकंच लिहिलं होतं : त्या दिवशी 'आम्ही' म्हणायला हवं होतं. तुझं वाक्य मी विसरले नाही, पण तुलाही विसरले नाही. तक्ता अजून माझ्या शाळेत आहे, फक्त पावसाळा आला की चकती अडकते.

आता आम्ही वर्षातून दोन-तीनदा फोनवर बोलतो. पूर्वीसारखं नाही. एक इअरफोन दोघींत वाटून घेण्याचे दिवस काही परत येत नाहीत. पण बोलतो.

तुम्हीही तीन ओळी लिहून बघा. कुणाला द्यायच्या नसतील तर देऊ नका, वहीच्या मागच्या पानावर राहू द्या. मला कळवाव्याशा वाटल्या, तर जरूर कळवा. नाव छापणार नाही, वचन!

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमची,
बाई